तंत्रांची यादी म्हणजे नाट्याभ्यास नव्हे

आधुनिक नाटकाचा अभ्यास म्हणजे नाट्यतंत्रांची यादी, असा समज आमच्याकडे घट्ट रुजला आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या विजय तेंडुलकरांच्या नाटकाचेच उदाहरण घ्यावे. परीक्षेच्या दृष्टीने तयार केलेल्या टिपणांत ‘नाटकातील नाटक’, ‘स्वगत’, ‘प्रतीक’, ‘उपरोध’ अशी उपशीर्षके असतात आणि प्रत्येकाखाली चार-चार ओळी. विद्यार्थी त्या पाठ करतो, गुण मिळवतो. परंतु त्या नाटकाने आपल्यालाच कोठे उभे केले होते, हे त्याच्या गावीही नसते. या अध्यापनाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

दुसऱ्या बाजूला तंत्राच्या चर्चेला नाक मुरडणारी सज्जन मंडळी आहेत. त्यांच्या मते नाटकाचा बोध सांगावा, बाकी सारी कारागिरी. वरवर पाहता हे दोन पक्ष परस्परविरोधी वाटतात. परंतु दोघांची चूक एकच आहे. तंत्र म्हणजे आशयावर चढवलेला अंगरखा, असे दोघेही मानतात. एक अंगरख्याची शिवण मोजत बसतो, दुसरा तो काढून फेकू पाहतो. अंगरखा आणि अंग येथे वेगळे नाहीतच, हे कोणी ध्यानात घेत नाही.

आता नाटकाकडे वळू. १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले, लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी एक हौशी मंडळी खेडेगावात आली आहे. रात्रीचा खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल आहे. गावातील भोळ्या सामंताला न्यायालयाची रीत कळावी म्हणून आधी एक लुटुपुटीचा खटला चालवायचे ठरते. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. खेळ म्हणून आरंभलेल्या या खटल्यात हळूहळू तिचे खरे आयुष्य ओढले जाते.

‘नाटकातील नाटक या तंत्राचा वापर स्पष्ट करा,’ असा प्रश्न येथे विचारतात. त्याऐवजी ‘खेळ कोणत्या वाक्यापाशी संपतो आणि छळ कोठे सुरू होतो?’ असे विचारून पाहावे. विद्यार्थी पाने उलटत राहील आणि ते वाक्य त्याला सापडणार नाही. आपणही मघापासून हसत होतो, हे मात्र त्याला उमगेल. ते हसू केव्हा थांबायला हवे होते, हा प्रश्न त्याला स्वतःलाच विचारावा लागेल. हे तंत्र नाटकाची शोभा वाढवण्यासाठी नाही. प्रेक्षकाला गुन्ह्यात सामील करून घेण्यासाठी आहे.

खटल्याची मांडणीही तशीच पाहावी. फिर्यादीचे आणि बचावाचे, दोन्ही वकील एकटे सुखात्मेच होतात. काशीकर न्यायाधीशाचे आसन सोडून साक्ष द्यायला उभे राहतात. ज्या प्राध्यापक दामले यांच्यावाचून हे प्रकरण घडूच शकले नसते, ते रंगमंचावर एकदाही येत नाहीत. ‘अनुपस्थित पात्र’ एवढे लिहून विद्यार्थी पुढे जातो. परंतु स्त्रीला पिंजऱ्यात उभे करणारा समाज पुरुषाची गैरहजेरी किती सहजपणे खपवून घेतो, हे कोणत्याही संवादाहून अधिक ठसठशीतपणे ती रिकामी जागा सांगते.

शेवटी आरोपीला निवेदनासाठी दहा सेकंद मिळतात. बाकीची पात्रे जागच्या जागी थिजतात आणि बेणारे दीर्घकाळ बोलत राहते. ती थांबल्यावर सारे पुन्हा हलू लागतात, जणू कोणी काही ऐकलेच नाही. ‘स्वगत’ ही चिठ्ठी येथे अगदीच अपुरी आहे. ते बोलणे ऐकले कोणी? फक्त प्रेक्षकांनी. म्हणजे तिच्या बाजूने साक्ष देऊ शकणारे एकमेव लोक खुर्च्यांवर बसले आहेत आणि ते उठत नाहीत. त्यानंतर न्यायालय निकाल देते की तिच्या पोटातील गर्भ नष्ट करावा. ज्या पापाचा आरोप ठेवला, त्याच पापाची आज्ञा! जीवाच्या पावित्र्याचा घोष करणाऱ्या आम्हा सर्वांना या उपरोधाने खाली मान घालायला हवी.

तांत्रिक संज्ञा शिकवूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. संज्ञेवाचून नेमके बोलता येत नाही. परंतु संज्ञा उच्चारली की अभ्यास संपला, असे समजणे म्हणजे रोगाचे नाव सांगून वैद्याने घरी निघून जाणे होय. प्रत्येक तंत्रापुढे शिक्षकाने एकच प्रश्न ठेवावा: यामुळे प्रेक्षकाचे काय झाले?

हा केवळ परीक्षेपुरता वाद नाही. लग्नघरातील गप्पांत, गावच्या पारावर, उपासनेनंतर आवारात रेंगाळणाऱ्या घोळक्यातही अशी न्यायालये थट्टेथट्टेने भरत असतात. आरोपी बहुधा एकटी स्त्री असते, दामले गैरहजर असतात आणि शेवटी ‘आम्ही गंमत करत होतो,’ असे म्हणून सारे हात झटकतात. चार संज्ञा पाठ केलेला पदवीधर त्या घोळक्यात निमूटपणे बसेल. ज्याला हे नाटक खरोखर शिकवले गेले आहे, त्याला मात्र तेथे बसवणार नाही.