गोळी हाडांसाठी, तपासणी कॅन्सरसाठी

तुमच्या घरात कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट आला असेल. त्यात व्हिटॅमिन डी कमी निघालं असेल. त्यातच मोबाईलवर कुणीतरी पाठवलं असेल, की डी कमी असलं की कॅन्सर होतो. मग घरात भीती शिरते. कुणी मेडिकलमधून गोळ्या आणतं. कुणी आठवड्याची पुडी रोज घेऊ लागतं. कुणी आपली गोळी म्हाताऱ्या आईलाही देतं.

तुम्ही भंडाऱ्यात राहा की तुमसरात, मोहाडीत, साकोलीत, लाखनीत, लाखांदुरात की पवनीत, ही भीती सगळीकडे सारखीच पोचली आहे. म्हणून हे सांगणं तुमच्यासाठी. आधी नीट समजून घ्या. मग जे करायचं ते करा.

व्हिटॅमिन डी, म्हणजे ड जीवनसत्त्व, मुख्यतः हाडांसाठी लागतं. आपण खातो त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, शरीरात मुरायला ते मदत करतं. ते फारच कमी पडलं तर लहान मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात. मोठ्यांची हाडं दुखतात. मांड्यांत जोर राहत नाही, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. म्हणून कमी निघालं असेल तर ते भरून काढायलाच हवं. त्याकडे दुर्लक्ष करू नका.

आता कॅन्सरचं. ही गोष्ट कुणी उगाच उठवलेली नाही. 1980 साली अमेरिकेत गारलँड नावाच्या दोन भावांनी एक गोष्ट मांडली. ज्या भागात ऊन कमी, तिथे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने जास्त माणसं मरतात, असं त्यांना दिसलं होतं. उन्हातून व्हिटॅमिन डी मिळतं, तेव्हा त्याचा यात काही हात असेल, असं त्यांनी म्हटलं. पुढे अनेक ठिकाणी कॅन्सरच्या रुग्णांचं रक्त तपासलं, तर कितीतरी जणांत डी कमी निघालं.

पण इथे थोडं थांबा. मुळाला रोग लागला की धानाचं पान पिवळं पडतं. पान पिवळं पडलं म्हणून रोग आला, असं आपण म्हणत नाही. तसंच इथे आहे. आजारी माणूस घरात पडून असतो. त्याला ऊन मिळत नाही, जेवण जात नाही. मग डी कमी होणारच. ज्यांचं वजन फार वाढलेलं असतं त्यांच्याही रक्तात ते कमी सापडतं, आणि जास्त वजनाने काही कॅन्सरचा धोका आपोआपच वाढतो. म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसल्या, म्हणून एकीने दुसरी घडवली असं ठरत नाही.

हे पारखायचं तर एकच मार्ग होता. निम्म्या लोकांना खरी गोळी द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, आणि वर्षानुवर्षं बघत राहायचं. अमेरिकेत तसं केलं गेलं. 25,871 माणसं होती. खऱ्या गोळीत रोजचे 2000 युनिट होते. पाच वर्षांहून जास्त काळ हे चाललं. 2018 साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत 793 जणांना कॅन्सर झाला, न घेणाऱ्यांत 824 जणांना. इतका फरक योगायोगानेही पडतो. न्यूझीलंडमध्ये पाच हजारांवर लोकांना महिन्याला एक मोठा डोस देऊन पाहिलं. तिथेही कॅन्सर कमी झाला नाही.

एक गोष्ट राहते, तीही सांगतो. रोज थोडी गोळी घेणाऱ्यांत कॅन्सरने होणारे मृत्यू काहीसे कमी असावेत, अशी खूण काही अभ्यासांत दिसते. त्यावर अजून काम चालू आहे. पण तेवढ्यावर विसंबून निरोगी माणसाने कॅन्सर टळावा म्हणून गोळी सुरू करावी, असं कुठलाही जबाबदार डॉक्टर आज सांगणार नाही.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. व्हिटॅमिन डी हाडांसाठी सांभाळा. कॅन्सरपासून वाचायचं असेल, तर त्याची वाट वेगळी आहे. दोन्ही सांगतो.

पहिली गोष्ट, ऊन घ्या.

बांधीत रोवणी, निंदण, कापणी करणाऱ्याला ऊन सहसा कमी पडत नाही. कमी पडतं ते घरात बसून बिड्या वळणाऱ्या बाईला. कोशाच्या मागावर दिवस काढणाऱ्या विणकराला. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला. सकाळी शाळा आणि संध्याकाळी ट्यूशन करणाऱ्या मुलाला. खाटेवरच्या म्हाताऱ्याला. अंग पूर्ण झाकून वावरणाऱ्या बायांना. आपलं घर यात कुठे बसतं ते बघा.

ऊन केव्हा घ्यायचं? आपली सावली बघा. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर त्या उन्हात कातडी फारसं व्हिटॅमिन डी तयार करत नाही. सावली उंचीएवढी किंवा आखूड झाली, की ते ऊन कामाचं. आपल्याकडे थंडीत तसं ऊन बाराच्या सुमाराला मिळतं. तेव्हा अंगणात बसा. हात, पाय, चेहरा उघडा ठेवा. आठवड्यातून काही दिवस, वीस-तीस मिनिटं बसा. काळ्या-सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. काचेच्या खिडकीआड बसून उपयोग नाही, कारण लागतो तो किरण काचेतून आत येत नाही.

उन्हाळ्यात मात्र सांभाळा. आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत सकाळी नऊच्या सुमारालाच सावली आखूड होते. तेवढ्यात दहा-पंधरा मिनिटं ऊन घ्या आणि सावलीत या. व्हिटॅमिन डीसाठी कुणी दुपारी उन्हात बसू नका. उष्माघाताने माणूस एका दुपारीत दगावतो.

बिड्या वळणाऱ्या बहिणींनो, तुम्हाला आणखी एक सांगणं. जमेल तेव्हा सूप घेऊन अंगणात किंवा ओसरीत बसा. ऊनही मिळेल आणि तंबाखूची धूळ बंद खोलीत कोंडणार नाही. लेकरांना त्या धुळीपासून दूर ठेवा. कामानंतर हात धुऊनच स्वयंपाकाला लागा.

दुसरी गोष्ट, ताटाकडे बघा.

अंड्याच्या पिवळ्यात हे जीवनसत्त्व थोडं असतं. मासळीत असतं. आपला जिल्हा तलावांचा आहे, मासळी आपल्याला परकी नाही. जे खातात त्यांनी खावी. शाकाहारी घरात दूध आणि तेल घेताना पिशवीवर प्लस आणि एफ अशी निळी खूण आहे का बघा. ती खूण असलेल्या दुधात आणि तेलात व्हिटॅमिन ए आणि डी घातलेलं असतं. पण नुसत्या जेवणातून हे जीवनसत्त्व पुरेसं मिळणं कठीण आहे. म्हणून ऊन हवंच.

तिसरी गोष्ट, गोळी विचारून घ्या.

निरोगी माणसाने उगाच ही तपासणी करत बसू नये. ती महाग असते. हाडं दुखत असतील, वारंवार हाड मोडत असेल, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल, तर डॉक्टरच ती सांगतील. बाळाला पहिलं वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब देतात, तेही बाळाच्या डॉक्टरांना विचारून. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण 600 युनिट धरली जाते.

मेडिकलमध्ये मिळणारी 60,000 युनिटची पुडी किंवा गोळी ही रोजची नाही. डॉक्टर ती बहुतेक वेळा आठवड्यातून एक, तीही ठरावीक आठवडेच देतात. चिठ्ठीवर काय लिहिलं आहे ते डॉक्टरकडून दोनदा समजून घ्या. आठवड्याचा वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. आठवडे संपले की थांबा. उरलेली पुडी शेजाऱ्याला देऊ नका.

का, तेही ऐका. हे जीवनसत्त्व लघवीवाटे लगेच निघून जात नाही. अंगातल्या चरबीत साठतं. फार झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं. भूक मरते, मळमळतं, उलट्या होतात, शौचाला कडक होते. तहान लागते, लघवी सारखी येते, माणूस बावरल्यासारखा वागतो. मूत्रपिंड बिघडू शकतं. गोळी चालू असताना असं काही झालं, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ज्यांना मूतखडा होतो त्यांनी तर विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये.

घरात कॅन्सरचा रुग्ण असेल, तर त्याच्यासाठी वेगळं सांगतो. काही औषधांनी हाडं ठिसूळ होतात, म्हणून कॅन्सरचे डॉक्टरही कधी कधी व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम देतात. ते त्यांनी सांगितलं तसंच घ्या. बाहेरून आणलेली कुठलीही गोळी, काढा, पावडर चालू असेल तर त्यांना दाखवा. आणि गोळ्यांवर भागेल असं समजून ऑपरेशन, केमो किंवा शेक मध्येच सोडू नका. त्यात गेलेला वेळ परत येत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात मोठी. खर्रा सोडा.

सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा आपल्या पानठेल्यावर दिवसभर विकला जातो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. तरी गालातला तोबरा काही गेला नाही. तोंडाच्या कॅन्सरचं आपल्याकडचं खरं कारण ते आहे. नुसती सुपारीही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. बायांनो, दातांना लावायचा गुडाखूही तंबाखूच आहे. विडी-सिगारेट आणि दारूचंही तसंच. खर्रा चालू ठेवून व्हिटॅमिन डीची गोळी घेतली, तर त्या गोळीने तोंड वाचणार नाही.

एकदम सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. घरच्यांनी टोमणे मारू नका, साथ द्या. 1800-11-2356 हा सरकारचा फुकट फोन आहे. तिथे तंबाखू सोडायला मदत करतात. पुन्हा तलफ आली तर पुन्हा फोन करा.

पाचवी गोष्ट, महिन्यातून एकदा आरशापुढे उजेडात तोंड उघडा. गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीवर बघा. पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवडे झाले तरी न भरलेली जखम आहे का? तिखट पूर्वीपेक्षा जास्त झोंबतं का? आपली तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का? तोंड उघडत नसेल, मानेत गाठ लागत असेल, आवाज बसलेलाच राहत असेल, तर वाट बघू नका.

बायांनी आणखी काही गोष्टी लाज न धरता सांगाव्या. स्तनात गाठ लागणं, मग ती दुखत नसली तरी. बोंडातून रक्त येणं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं. संबंधानंतर रक्त जाणं. घाण वासाचं पाणी जाणं. आणि शौचावाटे रक्त पडत असेल, तर बाई असो की पुरुष, मूळव्याधच असेल असं धरून बसू नका.

सहावी गोष्ट, तपासणीला जा. तिशी ओलांडलेल्यांसाठी गावच्या आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी, साखर यांबरोबर तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी होते. आशाताई घरी फॉर्म भरायला येते तेव्हा खरं सांगा. तंबाखू खात असाल तर लपवू नका.

अशा साध्या तपासणीने काय होतं, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून दीड लाख महिलांवर अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांतल्या महिलांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना शिकवून तयार केलं होतं. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य सिरका लावायचा, म्हणजे व्हिनेगर, आणि पांढरा डाग उठतो का ते बघायचं. एवढंच. त्या वस्त्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. पाच वर्षं रोज गोळी खाऊन जे साधलं नाही, ते सिरक्याचा बोळा आणि शिकवलेल्या बाईच्या नजरेने साधलं.

काही संशय निघाला तर घाबरून घरी बसू नका. भंडाऱ्याच्या सामान्य रुग्णालयात दाखवा. पुढे नागपुरात शासकीय मेडिकल आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या. रुग्णालयात आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा, तो कागद करून देतो. शेत विकायचा विचार करण्याआधी त्याला भेटा.

या आठवड्यात एवढं करा. घरातल्या व्हिटॅमिन डीच्या गोळ्या बाहेर काढा आणि त्या कुणी, केव्हा, किती घ्यायला सांगितल्या ते चिठ्ठीशी ताडून बघा. घरात जो खर्रा खातो, त्याच्या मोबाईलमध्ये तो फुकट फोनचा नंबर टाकून द्या. आणि आशाताईला विचारा, आमच्या गावात तपासणी कोणत्या दिवशी आहे. त्या दिवशी घरातली तिशीवरची सगळी माणसं सोबत घेऊन जा. शेजारणीलाही हाक मारा.