मुक्काम मेणवली
सुट्टीनिमित्त खेड्यात मुक्कामास निघालेली बहुतेक मंडळी वाईस पोहोचताच पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वराकडे धाव घेतात, आणि ज्या कृष्णाकाठी चार दिवस सुखाने जावेत तो मोटारीच्या खिडकीतून दिसला एवढ्यावरच पाहिलेल्या स्थळांच्या यादीत जमा धरतात, याचे आम्हांस वैषम्य वाटते. ढोल्या गणपती आणि धोमचे नरसिंहाचे देवालय यांची ख्याती आहेच. या अंकात अग्रस्थान दिले आहे ते मात्र मेणवलीस. ज्यातील दप्तराने इतिहाससंशोधकांच्या पिढ्यांना काम पुरविले तो नाना फडणविसांचा सहा चौकी वाडा, त्याच्या पिछाडीस कृष्णेत उतरणारा चंद्रकोरी घाट, आणि त्या घाटावर टांगलेली ती अवजड घंटा, जिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी व १७०७ हा सनाचा आकडा आजही स्पष्ट वाचता येतो, हे सर्व पाहण्यास एक सकाळ पुरत नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर तिकडच्या चर्चमधील घंटा मराठी मुलखातील देवळांत आल्या, त्यांपैकीच ही एक. तरुण मंडळी हल्ली येथे ‘स्वदेस’ चित्रपटातले गाव शोधीत येतात; येईनात का, त्या निमित्ताने घंटेकडे तरी लक्ष जाते! वाड्यात शिरण्यापूर्वी राखणदाराची परवानगी अवश्य घ्यावी, आणि पावसाळ्यात घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर पादत्राणांचा भरवसा धरू नये.