थंड डोंगरावरचा कोळी आणि आपली अमानत

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका कोकणी भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलाने टॅरंटुला जातीच्या मोठ्या कोळ्याचे पिल्लू विकत आणले आहे. थंडीने मरेल म्हणून त्या त्याची डबी हीटरजवळ ठेवतात, मुलगा ती उचलून नेतो. चार दिवस पिल्लाने काही खाल्लेले नाही. पाळावे की बागेत सोडून द्यावे, असे त्या विचारतात.

डबीवर पिसिलोथेरिया सबफुस्का असे नाव आहे. ही जात श्रीलंकेच्या मधल्या डोंगराळ भागातली. तिथले नुवारा एलिया १८०० मीटरहून उंचावर आहे. चहाचे मळे, धुके आणि बारमाही गारवा. तिथल्या झाडांच्या ढोलीत हे कोळी राहतात. म्हणून भगिनी, मुलाचेच बरोबर आहे. हीटरची कोरडी ऊब या जिवाला सोसत नाही, अंगातले पाणी आटून तो मरतो. १८ ते २२ अंश तापमान त्याला पुरते. मात्र इंग्लंडच्या हिवाळ्यात बागेत सोडले तर गारठून मरेल, तेही नको.

पिल्लाला लहान डबी बरी, मोठ्या पेटीत त्याला भक्ष्य सापडत नाही. बाजूंना बारीक भोके हवीत, म्हणजे हवा खेळती राहते. तळाला किंचित ओलसर माती आणि लपायला झाडाच्या सालीचा उभा तुकडा ठेवावा. दोन-चार दिवसांनी डबीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब शिंपडावेत, तेच ते पिते. चिखल मात्र होऊ देऊ नये.

खाणे आठवड्यातून एक-दोनदा, तेही थोडेच. पिकल्या केळ्यावर घोंघावतात तशा फळमाश्या किंवा रातकिड्याची अगदी लहान पिल्ले द्यावीत. भक्ष्य कोळ्याच्या पोटाहून मोठे नको. उरलेला किडा दुसऱ्या दिवशी काढून टाकावा.

चार दिवस खात नाही म्हणून घाबरू नका. कात टाकण्याआधी कोळी खाणे सोडतो. मग एके दिवशी उताणा पडलेला दिसेल. तो मेला असे समजून हलवू नका, कात अशीच टाकतात. त्या वेळी अंग इतके मऊ असते की डबीत राहिलेला रातकिडाही त्याला कुरतडू शकतो. त्यानंतर आठवडाभर खाणे देऊ नये, दात कडक होऊ द्यावेत.

एक गोष्ट मुलाला बजावून सांगा: त्याला हातावर घ्यायचे नाही. या जातीच्या चाव्याने माणूस मेल्याची नोंद नाही, पण स्नायूंना तीव्र पेटके येतात आणि ते कित्येक दिवस टिकतात. घरात लहान भावंडे असतील तर डबी उंचावर, झाकण पक्के.

आणखी एक. पिल्लू पाळीव कोळ्यांच्या पोटचे आहे की जंगलातून पकडलेले, हे विक्रेत्याला विचारायला हवे. जंगलतोड आणि चोरटा व्यापार यांमुळे हे कोळी संकटात आले. श्रीलंका आणि अमेरिकेच्या प्रस्तावावरून २०१९ साली या कुळातल्या सर्व जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतल्या गेल्या. आपल्या पश्चिम घाटातही हे कूळ आहे. इथल्या मुलांनी व्हिडिओ पाहून ते पकडून आणू नयेत.

गार-ए-सौरची रिवायत सांगून आपल्या नानी-दादी कोळ्याला मारू देत नसत. कुरआनात एका सूरहचे नावच अल्-अनकबूत, म्हणजे कोळी, आहे. आणि मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना शिकवतो: तिने मांजरीला खायला दिले नाही, आणि स्वतःचे पोट भरायला मोकळेही सोडले नाही. कोंडलेल्या जिवाचा रिझ्क अल्लाहने आपल्या हाती दिलेला असतो. तो त्याच्या गरजेप्रमाणे द्यायचा, आपल्या अंदाजाने नव्हे. आईची माया ऊब देऊ पाहते. या जिवाला गारवा हवा आहे.

या जातीची मादी दहा-बारा वर्षे जगू शकते. मुलगा तीन वर्षांनी शिकायला घराबाहेर पडेल, तेव्हा ती डबी कोण सांभाळणार? हा प्रश्न त्याला आजच विचारा. तुम्ही सांभाळणार असाल तर आजपासून त्याच्याकडून शिकून घ्या. नसाल तर जाणत्या पाळणाऱ्याच्या हवाली करायचे आत्ताच ठरवा. अमानत पुढे सोपवतानाही ती नीट सोपवावी लागते.