सहाची अट, तीनची पोकळी

पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हवीत, हे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०चं म्हणणं रास्तच आहे. पेन्सिल धड धरता न येणाऱ्या पोराकडून जोडाक्षरं गिरवून घेणं हा निव्वळ आडमुठेपणा. पण २००९चा शिक्षणहक्क कायदा हक्क देतो तो सहा ते चौदा वयालाच. त्याआधीच्या तीन वर्षांसाठी कलम ११ सरकारला नुसती मुभा देतं, बंधन घालत नाही. मग बालवाडीच सक्तीची करा, असं काही जण म्हणतात. सक्ती कोणावर? अंगणवाडी सेविकेच्या हाती पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी. गाणी-गोष्टी उरल्या वेळात. बंधन आधी सरकारवर हवं. बालवाडीच्या दाखल्यावाचून पहिलीला अडवलं, तर ऊसतोडणीला गेलेल्यांची पोरं सर्वांत आधी बाहेर राहतील.