लुई कान यांच्या विटांचे काय?

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या अठरापैकी चौदा वसतिगृहांच्या जागी नव्या इमारती उभारण्यासाठी प्रस्ताव मागवले. देशोदेशींच्या वास्तुविशारदांनी निषेध केला आणि १ जानेवारी २०२१ रोजी तो बेत मागे घेतला गेला. सगळे निर्धास्त झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मात्र संस्थेने पुन्हा पुनर्बांधणीचाच रस्ता धरला.

लुई कान या अमेरिकी वास्तुविशारदांकडे हे काम १९६२ मध्ये आले, ते पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींच्या पुढाकाराने. १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर कान यांना मृत्यूने गाठले. पुढचे काम नेले मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या अनंत राजे यांनी. म्हणजे हा वाद आपल्यालाही अगदीच परका नाही.

शिक्षण वर्गाच्या दाराशी संपत नाही, अशी कान यांची धारणा होती. म्हणून वसतिगृहांतल्या खोल्या त्यांनी जिना आणि चहाची खोली यांच्याभोवती मांडल्या. येता-जाता मुलांनी थांबावे, वाद घालावा. उन्हाचा ताप आत येऊ नये म्हणून उघड्या विटांच्या जाड भिंती, त्यांत मोठाली गोल भोके, खोल सावल्या. पन्नास वर्षांत विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या या सावलीत वाढल्या.

संस्थेची अडचण खोटी नाही. २००१ च्या भूकंपाचा तडाखा बसलेला, भिंतींना तडे, पावसाळ्यात गळती, विटांच्या आतले लोखंड गंजून फुगलेले. कलाकृती म्हणून धोक्याच्या छताखाली मुलांना झोपवा, असे कोण म्हणेल? पण याच आवारातल्या ग्रंथालयाचे जतन मुंबईच्या ब्रिंदा सोमय्या यांच्या संस्थेने केले आणि २०१९ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. काम खर्चाचे, चिकाटीचे, अशक्य नव्हे.

कायदा इथे फारसा उपयोगी पडत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरायला वास्तू शंभर वर्षांची व्हावी लागते. दिल्लीत १९७२ चे ‘हॉल ऑफ नेशन्स’ वयात बसत नाही म्हणूनच संरक्षणाबाहेर राहिले आणि एप्रिल २०१७ मध्ये जमीनदोस्त झाले. इंग्लंडमध्ये साधारण तीस वर्षांच्या इमारतीचाही विचार होतो. तिथल्या हन्स्टन्टन गावची १९५४ ची पोलाद-काचेची शाळा संरक्षित यादीत आहे आणि तिथे वर्गही भरतात. लंडनची १९७० ची पिम्लिको शाळा मात्र तिथेही वाचली नाही. यादीत येण्यासाठी वयाबरोबर मान्यताही लागते, आणि ती तिला मिळाली नाही.

अहमदाबादेत काही इमारतींचे बाहेरचे रूप तसेच ठेवून आतली रचना बदलण्याचे ठरले होते. जुन्या वाड्याचा दरवाजा राखून मागे सदनिका बांधाव्यात, तसलाच हा प्रकार. चहाच्या खोलीभोवतीचा तो जिना रस्त्यावरून कधीच दिसत नव्हता.