नव्या मेडिकल ऑफिसरला कोच द्या

सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. पंचविशीतला डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात हजर होतो आणि त्याच दिवशी कार्यालयप्रमुखही होतो. रोगनिदान तो शिकून आलेला असतो. माणसांकडून काम कसे करून घ्यायचे, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. पहिल्या वर्षी अशा प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला जिल्हा परिषदेने एक कोच द्यावा, ही माझी मागणी आहे. तिच्यामागचे मुद्दे असे:

१. आधी कामाचा आवाका पाहा. निकषानुसार सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र असते, त्याखाली उपकेंद्रे. सकाळी ओपीडी, रात्री-अपरात्री बाळंतपण, मध्येच वरिष्ठांची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स), पोर्टलवरची आकडेवारी, सरपंचांचा फोन. हाताखाली कुणी जिल्हा परिषदेचे कायम कर्मचारी, कुणी आरोग्य अभियानाचे कंत्राटी. आशाताईंना तर पगारही नाही, मोबदला मिळतो. एकाच सभेत बसणाऱ्या या माणसांच्या अडचणी वेगळ्या, रागही वेगळे.

२. वरचा ताण खाली उतरतो, आणि तो मासिक सभेत उघड दिसतो. मी पाहिलेल्या एका सभेत डॉक्टरांच्या हातात तालुक्याहून आलेली यादी होती. लसीकरणात एक उपकेंद्र मागे होते. "सिस्टर, तुमच्यामुळे पूर्ण पीएचसीला बोलणी खावी लागतात. नोटीस काढू का?" सिस्टर उभ्या राहिल्या, "करते सर," म्हणाल्या आणि बसल्या. सभा पुढे सरकली. चहाच्या वेळी त्याच सिस्टर शेजारणीला सांगत होत्या की, लसीचा डबा उपकेंद्रावर साडेदहाला पोचतो आणि तोवर बाया कापूस वेचायला निघून गेलेल्या असतात. डबा तासभर आधी पाठवला असता तर काम झाले असते. पण हे डॉक्टरांपर्यंत पोचलेच नाही, कारण त्यांनी प्रश्नच विचारला नव्हता. त्यांना वाईट माणूस म्हणणे अन्यायाचे होईल. आदल्या रात्री ते बाळंतपणासाठी जागे होते आणि सकाळी व्हीसीवर त्यांनाही याच भाषेत सुनावले गेले होते.

३. अशा ठिकाणी कोच काय करेल? तो सभेत मागे बसेल, मध्ये बोलणार नाही. नंतर डॉक्टरांशी एकट्याने बोलेल: सिस्टरना तुम्ही किती वेळ बोलू दिलेत? यादी वाचण्याआधी कारण विचारले असते तर? पुढच्या सभेत कोणती एक गोष्ट वेगळी करून पाहाल? महिन्याने तो पुन्हा येईल आणि त्या एका गोष्टीचे काय झाले ते विचारेल. एवढेच काम, पण दोन दिवसांच्या प्रशिक्षणात ते होत नाही. तिथे स्लाइड असतात, समोर रुसलेल्या सिस्टर नसतात.

मूळ विदर्भातल्या कुटुंबातले अमेरिकी सर्जन अतुल गावंडे यांनी २०११ मध्ये लिहिले होते की, आपली प्रगती थांबल्यासारखी वाटली तेव्हा त्यांनी एका निवृत्त ज्येष्ठ सर्जनला ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावून स्वतःचे काम पाहायला सांगितले. जखमेवरचा दिवा सरकला होता, हे त्यांना स्वतःला दिसले नव्हते. कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या माणसाला दिसले. मुरलेल्या सर्जनला ज्याची गरज वाटली, ते पहिल्या वर्षीच्या डॉक्टरला नाकारण्याचे काहीच कारण नाही.

४. पुरावा आहे, आणि त्याची मर्यादाही मी सांगतो. गावंडे यांच्याच संस्थेने उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांवर प्रयोग केला. निम्म्या केंद्रांत कोच नियमित जात, प्रसूती करणाऱ्या कर्मचाऱ्यांबरोबर केंद्रप्रमुखांशीही काम करत. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. दोन महिन्यांनी कोच असलेल्या केंद्रांत प्रसूतीच्या वेळच्या आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के पाळल्या जात होत्या, बाकीच्या केंद्रांत सुमारे ४२ टक्के. कोच जाणे बंद झाल्यावर ही आघाडी कमी झाली. माता-बालमृत्यू मात्र घटले नाहीत. यातून दोन गोष्टी दिसतात. माणसांचे वागणे सोबतीने बदलते, आणि फक्त वागणे बदलून भागत नाही. म्हणून "आधी रिक्त पदे भरा" म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. कोच दिला म्हणून एकही पद रिकामे ठेवण्याची मुभा प्रशासनाला मिळता कामा नये.

५. कोच कोण असावा? शासकीय सेवेतून निवृत्त झालेले, केंद्र चालवलेले, कर्मचाऱ्यांत मान असलेले डॉक्टर. दर तालुक्यात असे एखाद-दुसरे नाव लोक सहज सांगतात. त्यांना मानधन आणि प्रवासखर्च द्यावा. मात्र एक अट कागदावर हवी: कोचने ऐकलेले काहीही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाणार नाही, आणि गोपनीय अहवालात तर नाहीच. ही अट मोडली की तो आणखी एक तपासनीस ठरेल, डॉक्टर त्याच्यासमोर खरे बोलणार नाहीत आणि पैसा वाया जाईल.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीच्या सदस्यांना विनंती आहे की, पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि सुरुवातीला एका तालुक्यापुरता तरी वर्षभर करून पाहा. गावातल्या रुग्ण कल्याण समितीवर तुम्ही असाल, तर तसा ठराव तुम्हीही पाठवू शकता.