जितेशला विदर्भाने परत बोलवावे

जितेश शर्मा २०२५-२६च्या हंगामासाठी विदर्भ सोडून बडोद्याकडे गेला आणि आम्हा अमेरिकेतल्या गोंदियाकडच्या मंडळींत दोन तट पडले. एक म्हणतो, गेला तो गेला, आता त्याचे नाव काढू नका. दुसरा म्हणतो, अमरावतीचा पोरगा आहे, आज ना उद्या परत आणा. मी दुसऱ्या तटात आहे, पण एका अटीवर.

तो का गेला, हे आधी नीट पाहू. लाल चेंडूच्या क्रिकेटमध्ये विदर्भाकडे जितेश कायम दुसऱ्या क्रमांकाचा यष्टिरक्षक राहिला. २०१५-१६मध्ये पदार्पण केल्यापासून बडोद्याला जाईपर्यंत त्याच्या वाट्याला प्रथम श्रेणीचे फक्त १८ सामने आले. २०२४-२५मध्ये आपण रणजी जिंकलो, त्या संपूर्ण हंगामात तो एकही सामना खेळला नाही. यात त्याच्यावर अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. यष्टीमागे अक्षय वाडकर होता, आणि तोच कर्णधार होता. २०१७-१८च्या इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध १३३ धावा करणाऱ्या माणसाला कोण बाजूला करील?

पण हाच जितेश २७ मे २०२५ला लखनऊमध्ये आयपीएलच्या बंगळूरू संघाचे नेतृत्व करत होता. २२८ धावांचे लक्ष्य होते आणि त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या. आठवड्याभरात बंगळूरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकली. भारतासाठी तो त्याआधीच, २०२३च्या आशियाई स्पर्धेत, खेळला होता. म्हणजे रणजीतला आपला राखीव खेळाडू टी-२०मध्ये देशातल्या मोजक्या फिनिशरांपैकी एक आहे. सय्यद मुश्ताक अली करंडक विदर्भाच्या कपाटात अजून आलेला नाही, आणि विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात जानेवारी २०२५मध्ये आपण कर्नाटककडून हरलो. शेवटच्या पाच षटकांत सामना फिरवणारा माणूस घरचा असताना तो बडोद्याला का द्यायचा?

परत घेण्याविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा तरुणांच्या जागेचा आहे, आणि गोंदियाच्या माणसाला तो लगेच पटतो. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या छत्राखाली अकरा जिल्हे येतात, पण सगळे काही नागपुरात. गोंदिया, गडचिरोली, भंडाऱ्याच्या पोराला किट उचलून रेल्वे किंवा एसटीने नागपूर गाठावेच लागते. त्याची जागा परत आलेल्या माणसाने अडवली तर वाईट वाटणारच. मात्र इतकी वर्षे आपण बाहेरच्यांना आनंदाने जागा दिली आहे. वसीम जाफर मुंबईहून आला आणि २०१८-१९मध्ये त्याने हजारावर धावा केल्या. गणेश सतीश कर्नाटकातून आला, ध्रुव शौरी दिल्लीहून आला, करुण नायरने २०२४-२५च्या रणजीत ८६३ धावा काढल्या. या सगळ्यांचे आपल्यावर ऋण आहे. मग परक्या राज्यातल्या माणसासाठी सरकून बसणाऱ्यांनी अमरावतीच्या मुलासाठी दार लावून घ्यावे, हे मला मान्य नाही. त्याला घ्यायचे ते पाहुण्याच्या जागी, पोरांच्या नव्हे.

निष्ठेचा प्रश्नही काढला जातो. फैज फजल मध्यंतरी रेल्वेकडून खेळला होता. तो परत आला, आणि विदर्भाचा पहिला रणजी करंडक त्याच्याच नेतृत्वाखाली आला. त्या वेळी कुणी दार लावले असते तर? उलटी बाजू आदित्य सरवटेची. २०१८-१९च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे ११ बळी घेणारा हा आपला डावखुरा फिरकीपटू २०२४-२५च्या अंतिम सामन्यात केरळच्या टोपीत उभा होता आणि त्याने आपल्याच विरुद्ध ७९ धावा केल्या. पहिल्या डावाची आपली आघाडी फक्त ३७ची होती. आणि ज्या करुणला कर्नाटकने सोडून दिले होते, त्याला त्यांनी २०२५मध्ये सन्मानाने परत घेतलेच ना?

इथे अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांना अमेरिकन फुटबॉलमधले असेच एक उदाहरण सांगता येईल. लगॅरेट ब्लाउंट हा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू न्यू इंग्लंड सोडून पिट्सबर्गला गेला. तिथे तो दुसऱ्या क्रमांकावर होता. एका सामन्यात तो वेळेआधीच मैदान सोडून गेला आणि पिट्सबर्गने त्याला काढले. न्यू इंग्लंडने त्याच आठवड्यात, नोव्हेंबर २०१४मध्ये, त्याला परत घेतले. दोन महिन्यांनी इंडियानापोलिसविरुद्ध त्याने १४८ यार्ड धाव घेत तीन टचडाउन केले आणि पुढे संघ सुपर बोल जिंकला. संघाच्या चाली त्याला आधीच ठाऊक होत्या, म्हणून तो दुसऱ्या दिवसापासून कामाला आला. जितेशलाही नागपूरच्या जामठा मैदानाची खेळपट्टी नव्याने समजून घ्यावी लागणार नाही.

आता माझी अट. त्याला बोलवावे ते मुश्ताक अली आणि हजारे या दोन स्पर्धांसाठीच. रणजीतले ग्लोव्हज वाडकरकडेच राहावेत, आणि त्याच्यानंतर ते लाल चेंडूवर तयार होत असलेल्या एखाद्या तरुणाकडे जावेत. हे जितेशला पहिल्याच बैठकीत तोंडावर सांगावे. गोड बोलून बोलवायचे आणि मग बाकावर बसवायचे, हे घडू नये. या अटीवर त्याने नाही म्हटले तर त्याचा आदर ठेवून विषय संपवावा. पण विचारणा आपल्याकडून झाली पाहिजे.

ऑक्टोबर २०२५मध्ये जितेश ३२ वर्षांचा झाला. यष्टिरक्षकाच्या गुडघ्यांना फार मोठी मुदत नसते. संघटनेने पुढच्या हंगामाची निवड होण्याआधीच त्याच्याशी बोलावे.